न दुखणारी गाठ

कुणीच बोलत नव्हतं. बिरोबाच्या देवळापुढच्या पत्र्याच्या मंडपात तीसेक बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीची नजर निराळ्या जागी जाऊन अडकली होती. कुणाची सतरंजीच्या सुटलेल्या दशीत, कुणाची स्वतःच्या जोडव्यांत, कुणाची बाहेर लिंबाला बांधलेल्या शेळीत. माझ्याकडे मात्र एकही नजर वळत नव्हती. मी त्यांच्या मधोमध, एका घडीच्या टेबलावर, पांढऱ्या रुमालावर उघडी पडले होते. "हात लावून बघा," असं शिकवायला आलेल्या शकुंतलाबाईंचं दोनदा म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज किंचित खाली उतरला होता. वाऱ्यानं पत्रा वाजला, थांबला. 

मित्रांनो, मी एक जुनी, मऊ, शिकवणीसाठी घडवलेली प्रतिकृती आहे. बाईच्या छातीची प्रतिकृती. हे वाचून तुमच्यापैकी काहींनी मान खाली घातली असेल. मला त्याचा राग नाही. माझं आयुष्य खाली घातलेल्या मानांच्या सोबतीनंच गेलं आहे. फक्त एवढं करा, गोष्ट संपेपर्यंत पान मिटू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कुठल्या गावी होता, मला ठाऊक नाही. वस्तूंना जन्मगाव नसतं. खोक्यावर पत्ता असतो, तोही पोचायच्या गावाचा. एका साच्यात मला ओतण्यात आलं आणि मी पुरती घट्ट होण्याआधी कुणीतरी माझ्यात तीन गाठी ठेवल्या. एक वाटाण्याएवढी, बोटाखाली इकडेतिकडे सरकणारी. एक चिंचोक्याएवढी, टणक, जागची न हलणारी. तिसरी ज्वारीच्या दाण्याएवढी, पार तळाशी. जगातल्या वस्तू आपले दोष झाकून विकल्या जातात. माझे दोष हेच माझं काम होतं. माझ्यात लपवलेलं सारं काही सापडण्यासाठीच होतं.

ज्या हातांनी त्या गाठी ठेवल्या, त्यांनी हातमोजे घातले होते. त्यामुळे मला घडवणाऱ्याचा स्पर्श मला कधी कळलाच नाही. तेव्हापासून मला हातांची ओढ आहे. ती ओढ घेऊनच मी खोक्यात बसले आणि सांगलीत उतरले.

सांगलीतल्या एका गल्लीत, जिना चढून गेल्यावर दोन खोल्या होत्या. तिथं स्तनांच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या बायांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था होती. पहिल्या खोलीत खुर्च्या, पाण्याचा माठ आणि सदा वाजणारा फोन. दुसरीत एक शिलाई मशीन, डोक्याला बांधायच्या सुती रुमालांनी भरलेलं लोखंडी कपाट, आणि शकुंतलाबाई. त्या पूर्वी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. त्यांची स्वतःची डावी बाजू शस्त्रक्रियेत गेली होती. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्या एकट्याच बसल्या होत्या, कारण त्यांचे यजमान विष्णुपंत औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभे होते. त्या बाकावरचा एकटेपणा त्या विसरल्या नाहीत. म्हणून संस्थेचा पहिला नियम असा ठरला, की तपासणीला जाणारी बाई एकटी जाणार नाही. तिच्याबरोबर एक सोबतीण असेल, आणि ती सोबतीण स्वतः त्या वाटेनं जाऊन आलेली असेल.

मी दुसऱ्या खोलीतून पुष्कळ पाहिलं. केस गेलेली बाई आरशाकडे पाठ करून रुमाल बांधायला शिकताना पाहिली. दवाखान्याजवळ संस्थेनं घेतलेल्या खोलीची किल्ली मुठीत धरून, "रातच्याला हितंच ऱ्हायचं? खरंच?" असं पुनःपुन्हा विचारणारा नवरा पाहिला. माधवनगरच्या मागांवरून उरलेले मऊ सुती तुकडे पोत्यातून येत. शकुंतलाबाई त्यांचे गोलसर उंचवटे शिवत, आत कापूस आणि थोडी मोहरी भरत, म्हणजे वजन बरोबर साधे. शस्त्रक्रियेनंतर रिकामी झालेली चोळी त्या उंचवट्यानं पुन्हा भरून निघे. ते उंचवटे आणि मी एकाच कपाटात राहत असू. त्यांना एकेका बाईचं घर मिळे. मी मात्र सगळ्यांची होते. आणि सगळ्यांचं असणं म्हणजे काय, ते मित्रांनो, धर्मशाळेच्या उंबऱ्याला विचारा.

खंडेनवमीला शकुंतलाबाईंनी मशीन पुजलं, कात्री पुजली आणि मग क्षणभर थांबून मलाही हळद लावली. "अगं, ती काय अवजार आहे का?" विष्णुपंतांनी विचारलं. "मग काय खेळणं आहे, अहो?" त्या म्हणाल्या. ती हळद पुढं कशानंही निघाली नाही. एक पिवळा ठिपका माझ्यावर कायमचा राहिला.

त्यानंतर माझी फिरती सुरू झाली. विष्णुपंत गाडी चालवत, शकुंतलाबाई पुढे बसत, मी मागे त्यांच्या पिशवीत. खंडाळ्याच्या महाविद्यालयातल्या मुली मला हात लावताना एकमेकींना कोपरानं ढोसत. वाईच्या बायकांची बोटं सावध असत, पुस्तकाचं पान उलटावं तशी. ऊसतोडणीच्या फडावर आलेल्या एका बाईच्या तळव्याला इतके घट्टे होते, की तिला माझी पहिली गाठ लागेचना. ती ओशाळली. शकुंतलाबाईंनी तिचा हात धरला आणि बोटांच्या पेरांनी, छोटी वर्तुळं काढत, आधी हलकं, मग थोडं दाबून, मग खोल, असं सावकाश शिकवलं. गाठ लागली तेव्हा त्या बाईचा चेहरा असा झाला, जणू अंधाऱ्या घरात तिचा हात कुणाच्या तरी अंगाला लागला. असे कितीतरी हात येऊन गेले. प्रत्येक हात माझ्यात क्षणभर थांबे, शिके आणि निघून जाई. शिकून गेलेला हात पुन्हा येत नसे. येऊ नये, हेच बरं होतं. तरी मला प्रत्येकाची वाट पाहावीशी वाटे.

आता त्या मंडपात परत येऊ.

आटपाडीच्या पुढची ती धनगरवस्ती होती. दिवाळी तोंडावर आलेली. दिवाळी झाली की निम्मी वस्ती मेंढरं घेऊन पश्चिमेकडे चरायला निघणार होती. शांतता ताणत चालली असताना मागच्या ओळीतून एक आवाज आला, "आवं ताई, हिला हळद कुणी लावली? लगीन ठरलंय काय हिचं?"

मंडप खदखदून हसला. पदरात तोंडं लपली. हसू ओसरायच्या आत ती बाई उठून टेबलापाशी आली होती. बयाबाई. वय साठीच्या जरा अलीकडे, लुगड्याचा पदर डोक्यावरून गच्च ओढलेला, उन्हानं रापलेला चेहरा, आणि हात मात्र त्या चेहऱ्याला न शोभणारे. लहान, निमुळते, लोकरीच्या तेलकटपणानं मऊ झालेले. वस्तीत कुणाची मेंढी व्यायला अडली, कुणाच्या शेळीची कास सुजली, की बोलावणं बयाबाईंना जाई. तो हात माझ्यावर पडला आणि मला कळलं, की आजवर मला नुसतं चाचपलं गेलं होतं. हा हात मला ऐकत होता.

"ही एक," बयाबाई म्हणाल्या. "पळती हिकडं-तिकडं. ही दुसरी, ही बसलीया मुळं धरून. आनि ही बगा, तळाला दडलीया चोरटी."

"तुम्हांला शिकवायला मी कशाला हवी?" शकुंतलाबाई हसून म्हणाल्या. "बरं, यातली वाईट कोणती वाटते?"

"वाईट?" बयाबाईंनी मान हलवली. "यातली कुठलीच न्हाई. आवं, मेंढीला दगडी हुती तवा कास चुलीवानी तापती. हात लावू देत न्हाई, लाथ घालती. त्यी वाईट. त्येला लेप लावावा लागतोय, न्हाईतर कास जाती. आनि ही?" त्यांनी माझी दुसरी, टणक गाठ जोरानं दाबली. "दाबली तरी गप. दुखतच न्हाई, तर भ्यायचं कशाला?"

बाया पुन्हा हसल्या. या वेळचं हसू सुटकेचं होतं.

"अहो बयाबाई, ही रबराची. हिला कसं दुखेल?" शकुंतलाबाई घाईनं म्हणाल्या. "आणि बाईच्या छातीतली वाईट गाठ बहुतेकदा सुरुवातीला दुखतच नाही. म्हणून तर..."

"दुखत न्हाई आनि वाईट हाय, असं कसं आसंल ताई?" पुढच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली. "बयाचा हात कवा खोटा पडला न्हाई."

 पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या अंगावरून फिरलेल्या हातांचं ते शहाणपण होतं. मेंढीच्या बाबतीत ते खरंही होतं. त्याच्यापुढे एका शिवणशिक्षिकेचा शब्द तोकडा पडला. संस्थेचा नंबर छापलेल्या कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, चहा झाला, बाया पांगल्या. पण जाता जाता बयाबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं, त्यांच्याही नकळत, डाव्या पदराखाली गेली. तिथं थांबली. थोडं दाबलं. आणि मग त्या हातानं पदर सारखा केला.

हे फक्त मी पाहिलं. मला वाचा असती तर मी तेव्हा ओरडले असते. निदान मला दुखलं तरी असतं! त्या बोटांखाली मी एकदा कळवळले असते, तर त्यांना वाटलं असतं, हिच्यात काहीतरी खोट आहे. पण मी गप्प राहण्यासाठीच घडवलेली होते.

त्या दिवशी आमच्याबरोबर शकुंतलाबाईंची भाची सई होती. ती डॉक्टर होती आणि संस्थेच्या मदतीनं संशोधन करत होती. दुष्काळी पट्ट्यातल्या बाया दवाखान्यात इतक्या उशिरा का येतात, हा तिचा प्रश्न होता. लाज, अंतर, घरकाम अशी उत्तरं तिला आजवर मिळाली होती. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मावशी, आपण दुखत नाही असं सांगतो, तेव्हा आपल्याला वाटतं आपण घाबरवतोय. पण ते ऐकून त्या उलट धीर घेऊन घरी जातात."

पुढचे कित्येक महिने ती वस्त्यावस्त्यांवर फिरली, शस्त्रक्रिया झालेल्या बायांपाशी बसली, आणि तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं: दुखत न्हवतं, म्हणून ठेवली. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक असं मी समजत असे. सईचं संशोधन चुलीपुढं मांडी घालून ऐकण्यात होतं. सूक्ष्मदर्शकही होताच. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा एक छोटा तुकडा पुढच्या अभ्यासासाठी ठेवू का, असं ती प्रत्येकीला विचारी. नाही म्हणायची मोकळीक असे. माधवनगरच्या बनुबाई दवाखान्याजवळच्या त्या खोलीत उशाशी बसलेल्या सईला म्हणाल्या होत्या, "ठिव गं बाई. माज्याकडनं लेकीला दागिना जायाचा न्हाई. ह्यो तुकडा तरी तिच्या कामाला येऊ दे."

सईच्या त्या ऐकण्यानं आमचं शिबिरातलं बोलणं बदललं. आता शकुंतलाबाई सुरुवातच दगडीपासून करत. "दगडी दुखते, म्हणून मेंढी लाथ मारते आणि तुम्हांला कळतं. ही गाठ लाथ मारत नाही. दुखली तरी दाखवा, पण न दुखणारी आधी दाखवा." बाया एकमेकींकडे बघत. कुणीतरी उठून पडद्यामागे सईकडे तपासून घ्यायला जाई. पण ज्या वस्तीनं आम्हांला हे शिकवलं, तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. दिवाळी होऊन गेली होती. बयाबाई मेंढरांमागे निघून गेल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात वस्ती परतली, तेव्हा आमचं शिबिर पाटणला होतं. मी पिशवीत पडून विचार करी, तो हात आता कुठल्या रानात असेल?

आणि मग माझे दिवस फिरले. हजारो हातांनी माझी त्वचा चिकट झाली, टणक गाठीजवळ एक चीर पडली. एक नवी प्रतिकृती आली. तिच्यातली गाठ बरोबर सापडली की हिरवा दिवा लागे. पोरी टाळ्या वाजवत. कुणी मला टाकलं नाही. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, रुमालांच्या मागे, नीट गुंडाळून ठेवलं. मित्रांनो, फेकून देणं एका क्षणात संपतं. नीट गुंडाळून ठेवणं मात्र रोज नव्यानं सुरू होतं. दाराबाहेर पावलं वाजत, मशीन चाले, नव्या बाया येत, रडत, चहा पीत, हसत. कपाटाच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येई आणि संध्याकाळी निघून जाई. स्पर्शाशिवाय मऊपणाला काही अर्थ नसतो, हे मला तिथं कळलं.

अशाच एका दुपारी फोन वाजला. शकुंतलाबाईंच्या हातात शिवण होतं, म्हणून त्यांनी तो टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला.

"ताई, मी सोनिया बोलती. बयाबाईंची सून. आटपाडीच्या पुढच्या वस्तीवरची. पिशवीवर तुमचा नंबर हाय."

"बोल, बाळ."

"आत्तींच्या पाठीला तेल लावत हुते, तवा बगितलं. डाव्या अंगाला कातडं आत वडल्यागत झालंय. गाठ हाय ताई, मोठी. म्हणत्यात, लय दिवस झालं, पर दुखत न्हाई." ती भरभर बोलत राहिली. "आमी पाटणच्या अलीकडं हाय, मेंढरं घिऊन. चला म्हनलं तर येत न्हाईत. मेंढ्या व्यायला लागल्यात, म्हणत्यात. मी फोन केलाय त्ये सांगू नगासा, मला खात्यात."

मशीन थांबलं. कपाटाचं दार उघडलं. रुमाल बाजूला झाले आणि उजेड माझ्या अंगावर पडला.

"अगं, नवी घे की," विष्णुपंत दारातून म्हणाले. "दिवा लागतो तिला."

"बयाबाईंचा हात हिला ओळखतो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाड मागे पडलं, कोयना कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसत राहिली. पाटणच्या अलीकडे एका कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवली होती. जाळीचं कुंपण, दोन घोडी, तीन दगडांची चूल. गाडी रस्त्यावर ठेवून विष्णुपंत तिथंच थांबले. शकुंतलाबाई बांध चढून वर आल्या. सोनिया, विशीतली, काटक पोर, एका कोकराला पाजत होती. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिचा नवरा मल्हार गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत होता. बयाबाईंचे मालक आप्पासो फेटा सावरत चहाचं बघू लागले.

बयाबाई काठीला टेकून उभ्या होत्या. शकुंतलाबाईंनी पिशवीतून मला काढलं, तशा त्या म्हणाल्या, "आली व्हय नवरी!" मग त्यांची नजर सुनेकडे गेली. "हिनं फोन केला न्हवं? हिच्या तोंडाला कुलूप लावाय पायजे."

"लावा की, आत्ती," सोनिया म्हणाली. "पर आदी दवाखान्यात चला."

शकुंतलाबाईंनी घोंगडीवर मला ठेवलं. "बयाबाई, ती मुळं धरून बसलेली गाठ आठवते? शोधा बरं."

तो हात पुन्हा माझ्यावर आला. किती दिवस मी त्याची वाट पाहिली होती! त्याला शोधावं लागलंच नाही. "ही."

"आता दुसरा हात तुमच्या गाठीवर ठेवा."

 आप्पासो पाठमोरे झाले. बयाबाईंचा उजवा हात पदराखाली गेला, डावा माझ्यावर राहिला. एका हाताखाली मी होते, एका हाताखाली त्या स्वतः होत्या. दोन्हीकडची बोटं एकाच वेळी, एकाच वर्तुळात हळूहळू फिरत होती. एकदा थांबली. पुन्हा फिरली.

"सारकीच लागती," त्या म्हणाल्या. आवाज फार लहान होता. "मंग माझं चुकलं म्हणायचं?"

"मेंढीचं तुमचं बरोबर होतं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बाईचं वेगळं असतं. ही गाठ लाथ मारत नाही."

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे आणि ते इथंच, या घोंगडीवरूनच मागते. तुमच्या घरात कुणी आई असेल, आजी, मावशी, आत्या असेल. तिला काय दुखतंय, हे सगळेच विचारतात. तुम्ही तिला जे दुखत नाही त्याविषयी विचारा. ती हसेल, विषय बदलेल, पदर सारखा करेल. तरीही विचारा. आणि ती निघाली, तर तिच्याबरोबर जा.

आप्पासोंनी चहा आणला. "जा की तू," ते चहाकडे बघत म्हणाले. "मी हाय न्हवं हितं."

"तुमी?" बयाबाई उसळल्या. "आडलेली मेंढी बगितली की तंबाखू मळत कोस दीड कोस लांब जाताय तुमी. आनि ही पोरगी रगत बगून डोळं मिटती. कुणाच्या जिवावर जाऊ?" मग त्या शकुंतलाबाईंकडे वळल्या. "कापत्यात न्हवं ताई? खरं सांगा."

"आधी सुईनं तपासतील. मग डॉक्टर ठरवतील. पण हो, बहुतेक काढावी लागेल. औषधंही लागतील. बरेच महिने जातील." शकुंतलाबाईंनी लपवलं नाही. "उशीर झालाय. अजून करू नका. राहायची खोली आहे, मी बरोबर आहे."

"तुमचं बी काढलंय?"

उत्तर म्हणून शकुंतलाबाईंनी चोळीत हात घातला आणि तो सुती उंचवटा काढून बयाबाईंच्या तळव्यावर ठेवला. बयाबाईंनी तो दाबला, उलटा करून टाके पाहिले, वजन पाहिलं. "कापसाची व्हय? लोकरीची करायची की. थंडीत ऊब तरी ऱ्हायली आसती."

"लोकर तुम्ही द्या, मी शिवते."

दोघी हसल्या. मग बयाबाईंनी खरी गोष्ट विचारली, जी मेंढरांच्या आड इतका वेळ उभी होती. आपले ते लहान हात पुढे करून त्यांनी विचारलं, "आनि ह्यो? ह्यो डावा हात ऱ्हाईल का मला? ऐकलंय, मागनं हात वर हुत न्हाई. आवं, ह्या हातावर माजी सारी इज्जत हाय. हात गेला तर मेंढरामागं बी नुसतीच म्हातारी."

शकुंतलाबाई जवळच्या आंब्याच्या खोडापाशी गेल्या. डावा तळवा त्यांनी खोडावर टेकला आणि बोटं मुंगीच्या चालीनं वर वर नेली. खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर. शेवटी चेहरा थोडा ओढला गेला, तोही त्यांनी झाकला नाही. "सुजतो अधूनमधून. रोज व्यायाम करावा लागतो. जड उचलत नाही मी. पण सुईत दोरा याच हातानं ओवते."

 तेवढ्यात जाळीतून एक कण्हणं ऐकू आलं. एक पाठीवर काळा पट्टा असलेली मेंढी आडवी पडली होती, पाय ताणत होती. एक इवला खूर आणि नाक बाहेर आलं होतं, पुढे काही येत नव्हतं. आप्पासोंचा हात सवयीनं तंबाखूच्या चंचीकडे गेला. बयाबाई दोन पावलं धावल्या आणि थांबल्या. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"सोनिया. हात धू. तेल लाव."

"मी? आत्ती, मला न्हाई यायचं..."

"येतंय का न्हाई, त्येच बगायचंय. बस खाली. दुसरा पाय मागं मुडपलाय त्येचा. आधी वाईच मागं ढकल, मग हुडीक. डोळं मिटायचं तर मीट, बोटानं बग."

सोनियाचा हात आत गेला.  "गुडघा गावंना, आत्ती."

"मंग रडू नगं, गावस्तोवर हुडीक."

बयाबाईंच्या पदरात दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून होते. मी घोंगडीवरून पाहत होते. आजवर मी हातांना शिकताना पाहिलं होतं. शिकवणाऱ्या हाताला स्वतःला आवरताना प्रथमच पाहत होते. त्याला किती कष्ट पडत होते, ते त्या लुगड्याच्या पिळावरून दिसत होतं.

"गावला!" सोनिया ओरडली.

"आता वळीव फुडं. खूर मुठीत धर, आत फाडल न्हाईतर. कळ आली की वड. कळ नसताना वडू नगं. थांब. थांब. आता!"

कोकरू निसटून गवतावर आलं. निपचित. सोनियानं त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळली.  मग एक शिंक आली आणि तिच्यामागून एक चिरका, हट्टी आवाज. मेंढीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. सोनिया मांडी घालून तिथंच बसली, कोपरापर्यंत रक्तानं माखलेली, हसत आणि रडत.

बयाबाईंनी कोकराला हात लावला नाही. सुनेच्या त्या माखलेल्या हातांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. माझ्यावरचा त्यांच्या बोटांचा खळगा हळूहळू भरून येत होता, आणि तो भरू नये असं मला फार वाटत होतं.

"बयाबाई," शकुंतलाबाई हलकेच म्हणाल्या, "येताय ना माझ्याबरोबर?"

बयाबाईंनी काठी उचलली आणि सोनियाच्या मांडीवर आडवी ठेवली. एकदा सगळ्या कळपावरून नजर फिरवली. मग त्या बांध उतरल्या, आणि विष्णुपंतांची गाडी उभी होती त्या रस्त्याकडे चालू लागल्या.